तांबड्या रेघेच्या आतली बुधली

वाफेचं इंजिन म्हटलं की लोकांना धूर लागतो. आमच्या सोसायटीत मी कुणाला सांगितलं, की मी वीसेक वर्षं वाफेचं इंजिन चालवलं, की पहिला प्रश्न ठरलेला. "मग डोळ्यांत कोळसा जात असेल ना, घाडी काका?" मी नाही म्हणतो. आमच्या इंजिनात कोळसा नव्हता, भट्टी नव्हती, धुराडं नव्हतं, काडीपेटीएवढाही विस्तव नव्हता. मग लोक माझ्याकडे म्हातारा थापा मारतोय अशा नजरेने बघतात. बघू देत. मला सवय आहे. ऑफिसात बसलेल्या माणसांनाही मी हेच समजावत आलो, आणि त्यांनीही असंच बघितलं.

जागा सांगायची तर घाटकोपर आणि मानखुर्दच्या मधल्या टेकड्यांच्या पायथ्याशी लष्कराचा दारूगोळ्याचा एक डेपो होता. त्याचं नाव लिहीत नाही. नोकरीला लागताना मी तसं लिहून दिलंय, आणि लिहून दिलेलं मी पाळतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तिथे टेकडीत गोदामं कोरली आणि गोदामापासून फाटकापर्यंत दोन फुटी रूळ टाकले. दोन फुटी म्हणजे दोन रुळांत दोन फुटांचं अंतर. सुरुवातीला डबे माणसंच ढकलायची. मग गोऱ्यांनी बोटीतून एक इंजिन आणलं. ते गेले, इंजिन राहिलं, आणि ऐंशी सालानंतरही मी चालवत होतो ते तेच इंजिन. आम्ही तिला बुधली म्हणायचो. तेलाची बुधली असते तशीच होती, बुटकी, गोल पोटाची, वरचा भाग थोडा निमुळता.

ती चालायची कशी, ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. फाटकाबाहेर बॉयलर होता. तिथे रीतसर आग पेटायची. बुधलीच्या पोटात पाणी असायचं. बॉयलरची जाड नळी तिला जोडायची आणि अर्धा तास कडक वाफ आत सोडायची. पाणी एवढं तापायचं की आग नसतानाही आतल्या आत उकळत राहायचं आणि वाफ देत राहायचं. थोडक्यात, चाकं लावलेला थर्मास. एका भरणीवर दोन-अडीच तास निघायचे. मग पुन्हा बाहेर यायचं, पुन्हा नळी. दारूगोळ्याजवळ आग न्यायची नाही म्हणून कुणीतरी डोकं लढवून बनवलेली वस्तू होती ती. मला आजही त्या माणसाबद्दल आदर आहे.

थर्मास नुसता ठेवला तरी चहा निवतोच. तसंच बुधलीचं. चालवा नाहीतर उभी ठेवा, वाफेचा काटा खाली येतच राहणार. म्हणून ड्रायव्हरचं अर्धं लक्ष रुळावर आणि अर्धं काट्यावर. शिट्टी होती, पण आम्ही ती वाजवत नव्हतो. एका शिट्टीत पन्नास पावलांची वाफ जाते. घंटा वाजवायची.

फाटकात रुळांवर आणि रस्त्यावर आडवी एक तांबडी रेघ मारलेली होती. दर वर्षी तिला नवा रंग. त्या रेघेच्या आत काडी नाही, विडी नाही, खिळ्याची चप्पल नाही. डब्यांच्या ब्रेकचे ठोकळेसुद्धा लाकडाचे. फाटकावर एक पेटी होती, तिच्यात सगळ्यांनी काड्यापेट्या टाकून आत जायचं. एकदा एक मोठे साहेब पाहणीला आले. त्यांच्या खिशात लायटर राहिला होता. आत गेल्यावर रुमाल काढताना तो खाली पडला. मी गाडी थांबवली, तो उचलला, चालत फाटकावर जाऊन पेटीत टाकला आणि परत आलो. साहेब तोवर उन्हात डब्यात बसून होते. खाली उतरताना म्हणाले, "चांगलं केलंत." तेव्हा अशीही माणसं होती.

दसऱ्याला सगळ्या कारखान्यांत यंत्रांची पूजा होते. आमचीही व्हायची, पण निरांजनाशिवाय, उदबत्तीशिवाय. झेंडूची माळ, हळद-कुंकू, आणि नारळ रेघेबाहेर फोडायचा. बाहेरून नवे आलेले नाक मुरडायचे. आम्हाला त्यात काही वाटत नव्हतं. उलट त्याची इतकी सवय झाली की माझ्या लग्नात फजिती झाली. मालवणजवळ सासुरवाडी. दारात सासूबाई ओवाळायला आल्या, निरांजन फिरवत माझ्या तोंडाजवळ आणलं, आणि मी फुंकर मारून ते विझवलं. मुद्दाम नाही हो. ज्योत समोर आली की विझवायची, एवढंच हाताला आणि तोंडाला ठाऊक. सासरे म्हणाले, "ह्या काय केलास जावयबापू?" बायकोने, म्हणजे शालिनीने, ते मला आजवर ऐकवलेलं आहे.

बॉयलर सांभाळायचा सावळाराम परब, कुडाळकडचा. तोंडाने फटकळ आणि वाफेच्या बाबतीत सोनाराच्या तराजूसारखा काटेकोर. आमची जोडी होती. तो रेघेच्या बाहेर, मी आत. तो आग सांभाळायचा, मी ती आत येऊ द्यायचो नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर डेपोत वाहतुकीचे नवे अधिकारी आले. राजाध्यक्ष. मुलुंडला राहणारे, शिकलेले, तरुण, कामाला वाघ. वाईट माणूस म्हणणार नाही मी. बुधलीकडे बघून त्यांना लाज वाटायची, एवढाच दोष. पहिल्या दिवशीच म्हणाले, "घाडी, हे म्युझियममध्ये ठेवायला हवं." महिन्याभरात त्यांनी दोन डिझेल ट्रॅक्टर मागवले. रूळ काढायचे, रस्ता रुंद करायचा, ट्रॅक्टरने माल न्यायचा.

मी विचारलं, "साहेब, आत कसे नेणार? सायलेन्सरमधून ठिणग्या उडतात."

"डिझेल इंजिनाला ठिणगी नसते, घाडी. ती पेट्रोलला असते. पुस्तकात बघा."

"पुस्तकातल्या इंजिनाला नसेल साहेब. आपल्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरात काजळी बसते, ती पेटून बाहेर पडते."

"त्यासाठी जाळी येणार आहे. मागवली आहे."

"मग जाळी येऊ दे."

साहेब हसले. माझ्यासारख्यांच्या बोलण्यावर हसतात तसं.

मग तो दिवस आला. दिल्लीहून पाहुणे येणार होते आणि राजाध्यक्षांना त्यांना जुनं आणि नवं शेजारी-शेजारी दाखवायचं होतं. बुधली तीन भरलेले डबे घेऊन गोदामातून निघणार, आणि फाटकाबाहेर नवा ट्रॅक्टर रंगवून, हार घालून उभा. सकाळी मी भरणी घेऊन आत गेलो, डबे लावले, आणि थांबलो. पाहुणे गोदामापाशी आले. राजाध्यक्षांनी भाषण सुरू केलं. जुनी पद्धत किती सावकाश आहे, त्यात किती वेळ जातो, हे ते इंजिनाला हात लावून सांगत होते. पाऊण तास सांगत होते. पाऊण तास मी काट्याकडे बघत होतो. दोनदा म्हणालो, "साहेब, वाफ जातेय." त्यांनी हात केला, थांबा.

भाषण संपल्यावर म्हणाले, "चला, घाडी."

मी म्हटलं, "आता नाही जमायचं."

गोदाम आणि फाटक यांच्यामध्ये एक चढ होता. तीन भरलेले डबे घेऊन तो चढायला जेवढी वाफ लागते तेवढी उरलेली नव्हती. मध्येच अडकलो असतो आणि डबे मागे घरंगळले असते. मी सांगितलं, डबे इथेच राहू देत, चाकाखाली पाचर ठोकतो, ब्रेकवाला त्यांच्यापाशी बसेल. मी एकटी बुधली घेऊन जातो, परबकडून भरणी घेतो, परत येतो. तासाभराचं काम.

पाहुण्यांपैकी एकाने घड्याळ बघितलं. राजाध्यक्षांचा चेहरा लाल झाला. ते फाटकावरून सोबत आलेल्या माणसाला ओरडले, "ट्रॅक्टर आत आणा! तो ओढून नेईल."

"जाळीशिवाय?" मी विचारलं.

"घाडी, हा माझा हुकूम आहे."

माणूस फाटकाकडे पळाला. मी डबे सोडवले, पाचर ठोकली आणि बुधली हाकली. एकटी होती म्हणून चढ चढली, तीही धापा टाकत. रूळ आणि रस्ता एकाच अरुंद फाटकातून जायचे. ट्रॅक्टर समोरून येऊन फाटकाशी पोचलाच होता. मी बुधली बरोबर तांबड्या रेघेवर उभी केली. तोंड बाहेर, बूड आत. फाटक भरून गेलं. ट्रॅक्टरवाल्याने भोंगा वाजवला. मी वाफ सोडायची मूठ दांड्यावरून काढली, म्हणजे दुसऱ्या कुणाला ती हलवता येऊ नये, आणि माझ्या जेवणाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं.

परब धावत आला. "काय रे, काटो खय गेलो तुजो?"

"तळाला. नळी आण."

त्याने ट्रॅक्टरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मागून धावत येणाऱ्या साहेबांकडे बघितलं. त्याला सगळं समजलं. "नळी आणतंय. तू हयसून हलू नको," म्हणाला, आणि त्याने नळी जोडली. आता बुधली हलवायची तर आधी नळी सोडवायला हवी, आणि चालू नळी परब सोडून दुसऱ्या कुणाला सोडवता येत नव्हती. परब आपल्या बाकड्यावर जाऊन बसला आणि त्याने विडी पेटवली. तो रेघेबाहेर होता, त्याला परवानगी होती.

"घाडी, बाजूला घ्या!" राजाध्यक्ष ओरडले.

"भरणी झाली की घेतो साहेब."

"मूठ कुठाय?"

"डब्यात आहे."

"कुठल्या डब्यात?"

"भाकरीच्या."

दिल्लीचे पाहुणे बाजूच्या छोट्या दारातून वाकून बाहेर गेले. अर्ध्या तासाने काटा वर आला, मी मूठ लावली, परत गेलो, आणि तिन्ही डबे चढावरून अलगद बाहेर आणले. एक खोकासुद्धा हलला नाही. ते बघायला तेव्हा कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चार्जशीट आली. हुकूम मोडला, फाटक अडवलं, वरिष्ठांसमोर उद्धट वागला. सोबत राजाध्यक्षांनी एक टाईप केलेला माफीनामा दिला. "सही करा, घाडी. मला तुमचं नुकसान करायचं नाही. सही केलीत की प्रकरण मिटलं. नाही केलीत तर तुमचं प्रमोशन गेलं, आणि नोकरीचंही मी सांगू शकत नाही."

मी तो कागद घरी नेला. आमचं घर डेपोच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीत होतं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला आमची दारं. मधे एक गटार. शालिनीने बुधली कधी पाहिली नव्हती, बाहेरच्यांना आत मनाई. पण भिंतीपलीकडून घंटा ऐकू यायची, त्यावरून तिला माझ्या फेऱ्या कळायच्या.

आधी ती म्हणालीच, "करा ना सही. माफी मागितल्याने हात झिजतात का? आयुष्यभर ड्रायव्हरच राहणार आहात?"

"वाच आधी."

ती सातवी शिकलेली. तिने मोठ्याने वाचलं. मी हुकूम मोडला, चूक झाली, पुन्हा होणार नाही. इथवर ठीक. मग शेवटचं वाक्य आलं. सुरक्षेच्या नियमाबद्दल माझा गैरसमज झाला होता, आणि ट्रॅक्टर आत आणण्यात कोणताही धोका नव्हता, हे मी मान्य करतो.

ती थांबली. दारातून भिंतीकडे बघितलं. भिंतीखाली शेजारच्या बायका भांडी घासत होत्या.

"म्हणजे तुमच्या सहीवर ते आग आत नेणार?"

"हो."

तिने कागदाची घडी केली आणि तांदळाच्या डब्याखाली ठेवली. "ह्याच्यावर सही केलीत तर घरात येऊ नका," म्हणाली, आणि चहा टाकायला गेली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. भीती गेली नाही, पण भीती दोघांत वाटली गेली.

चौकशीला बाहेरून तीन अधिकारी आले. मला विचारलं, तुमचं म्हणणं काय? मी म्हटलं, मला बोलता येत नाही, दाखवता येतं. ट्रॅक्टर फाटकाबाहेर आणा. शालिनीने घरातली चांगली पांढरी चादर दिली होती. मी ती सायलेन्सरच्या मागे दोन हात अंतरावर दोन काठ्यांना बांधली आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हटलं, भरलेले डबे ओढतोयस असं समज आणि दे जोर. त्याने दिला. काळा धूर आला, खाड्खाड् आवाज झाला. बंद केल्यावर मी चादर सोडून त्या तिघांच्या टेबलावर पसरली. बारीक बारीक भोकं होती, कडा जळलेल्या. अधिकाऱ्यांपैकी एकाने एका भोकावरून बोट फिरवलं.

"जाळी बसवली की हे होणार नाही," राजाध्यक्ष म्हणाले.

"जाळी कुठे आहे?" त्या अधिकाऱ्याने विचारलं.

जाळी तेव्हाही आलेली नव्हती.

नोकरी वाचली. जाळी येईपर्यंत ट्रॅक्टर रेघेच्या बाहेर, असा हुकूम निघाला. पण फाटक मी अडवलं होतं, हे खरंच होतं, आणि त्याची शिक्षा झाली. सर्व्हिस बुकात शेरा, प्रमोशन बंद. माझ्यामागून लागलेली पोरं माझ्यावर साहेब झाली. कुणी म्हणेल की ते मनाला लागलं नाही, तर खोटं. लागलं. दर वर्षी यादी लागायची आणि मी ती वाचायला जायचो नाही. राजाध्यक्ष मधूनमधून सांगायचे, "अजून सही करा घाडी, शेरा काढून टाकतो." मी म्हणायचो, "कागद तांदळाच्या डब्याखाली आहे साहेब, डबा भरलेला आहे."

दशक संपता संपता बुधलीचं काम खरोखरच संपलं. डेपोचा बराचसा माल दुसरीकडे हलवायचं ठरलं, नव्या गाड्या आल्या, ह्यावेळी जाळ्यांसकट. बुधली भंगारात निघाली. मला वाईट वाटलं, पण तक्रार नव्हती. यंत्राला वय असतं.

भंगारवाला आला तो गॅस कटर घेऊन. हातगाडीवर नळकांडी, मागे दोन माणसं. बुधली आत गोदामाजवळ उभी होती. म्हणाला, जागेवरच तुकडे करतो, उचलायला सोपं. आणि तो हातगाडी ढकलत रेघेशी आला.

फाटकावर राजाध्यक्ष उभे होते. मी दहा पावलांवर. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि ओरडले, "ए! थांब! आत आग न्यायची नाही!"

भंगारवाला म्हणाला, "साहेब, दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटांचं असो नाहीतर अर्ध्याचं. ह्या रेघेच्या आत आग जाणार नाही."

मग त्यांना मी दिसलो. मी पुढे गेलो. "साहेब, मग ती बाहेर कशी काढायची?"

"तुम्ही सांगा."

"ती स्वतः चालत येईल. पण मला लेखी हुकूम लागेल. कारणासकट."

त्यांना राग आला नाही, हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. खिशातून पेन काढलं, फाटकावरच्या माणसाच्या वहीचं पान फाडलं आणि उभ्याउभ्या लिहिलं. तांबड्या रेघेच्या आत विस्तव नेणे धोक्याचे असल्याने इंजिन स्वतःच्या वाफेवर बाहेर आणावे. खाली सही.

बुधली आत आणि नळी बाहेर. मी, परब आणि माल चढवणारे बारा खलाशी, आम्ही दोर लावून ती चढावरून रेघेपर्यंत ओढली. परबने शेवटचा बॉयलर पेटवला. भरणी नेहमीसारखी अर्धा तास. परब म्हणाला, "आज नळी सोडूक हात होत नाय रे." पण सोडली त्यानेच.

फाटकाबाहेर शालिनी उभी होती. मी तिला बोलावलं होतं, भिंतीपलीकडची घंटा कशाची ते एकदा बघू दे म्हणून. तिच्या हातात ताट होतं आणि ताटात पेटलेलं निरांजन. मी बुधली रेघेवरून पुढे घेतली, तिच्या शेवटच्या चाकांनी रेघ ओलांडली, तेव्हा मी थांबवली. आता ती बाहेर होती. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदा ज्योतीने ओवाळलं जाणार होतं. शालिनी जवळ आली आणि तिने आधी माझ्याकडे बघून दुसरा हात ज्योतीपुढे आडवा धरला. "आज फुंकू नका," म्हणाली.

नाही फुंकली. तिने ओवाळलं, आणि मी शिट्टीची दोरी ओढली आणि धरून ठेवली. आता वाफ वाचवायची कुणासाठी? मानखुर्दपर्यंत ऐकू गेली असेल. काटा खाली खाली येत शून्यावर टेकला, तेव्हा मी दोरी सोडली.

मी निवृत्त होताना राजाध्यक्षांनी मला ऑफिसात बोलावलं. माझं सर्व्हिस बुक समोर उघडं होतं. म्हणाले, "हा शेरा मी माझ्या अधिकारात काढतो. सहीसुद्धा नको तुमची." मनापासून म्हणत होते.

मी म्हटलं, "वाचून दाखवा ना एकदा."

त्यांनी वाचलं. ड्रायव्हर दत्ताराम घाडी याने इंजिन फाटकात उभे करून सरकारी वाहन आत जाऊ दिले नाही.

"राहू द्या साहेब," मी म्हटलं. "खरं आहे. नाही जाऊ दिलं."